एकशे त्र्याऐंशी रात्री

फेब्रुवारीत टोलेडोचा बर्फ पांढरा नसतो,
मीठ आणि टायर मिळून त्याचा चिखल करतात.
लॉन्ड्री आणि सिगारेटच्या दुकानाच्या मधे माझं टेबल,
काचेवर रंगवलेले दोनच शब्द: परतावा लवकर.
मी मार्गिट साबो. एकवीस हंगाम झाले
लोकांची मुलं मोजते.

एकतीस डिसेंबरला रात्री अकरा चाळीसला जन्मलेलं पोर
कायद्याच्या लेखी पूर्ण वर्षाचं.
त्याची आई हसत गेली होती माझ्याकडून.
आणि तीस डिसेंबरला सतरावं लागलेली मुलगी
दोन दिवसांनी स्वस्त होते.
खाते तेवढंच. बूटही तेवढेच झिजवते.
मी नियम करत नाही, मी फक्त रकाने भरते.

एक प्रश्न मात्र मी पडद्याकडे बघूनच विचारते,
समोरच्या तोंडाकडे नाही:
मूल तुमच्या छपराखाली किती रात्री झोपलं?

कर्टिस यान्सी काचेच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो.
टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.
"दोन," म्हणाला. "डेझरे आणि लायल."
आकडा वर चढत गेला, सहा हजार चारशे बारावर थांबला,
आणि त्याच्या चेहऱ्यावर मला गिअरबॉक्स दिसला,
लायलच्या दातांची तार दिसली,
गॅस कंपनीची गुलाबी नोटीस.
हे पैसे कधी हातात येत नाहीत,
आधीच वाटून झालेले असतात.

अर्ज पाठवला. कॉफी निवायच्या आत परत आला.
या मुलांचे नऊ आकडे कुणीतरी आधीच वापरलेत.
कुणी, ते यंत्र सांगत नाही.

"सम साली मी, विषम साली ती," तो म्हणाला.
"पिझ्झाच्या मेनूकार्डामागे लिहून सह्या केल्यात दोघांनी.
शेव्हॉननं काढलाय तो कागद. मी फ्रिजवर लावलाय."

मी म्हटलं, सरकार फ्रिज वाचत नाही. रात्री मोजतं.
एकशे त्र्याऐंशी लागतात.

मग त्यानं खिशातून डायरी काढली,
कारखान्यानं नाताळात वाटलेली, तेलाचे डाग पडलेली,
आणि बोटं मोजायला लागला.
शुक्रवार, शनिवार. तिची रात्रपाळी असते ते मंगळवार.
जून सगळा.
"लायलचा कान दुखला ती रात्र इस्पितळात गेली,
खुर्चीत मी होतो, पलीकडच्या खुर्चीत ती.
ती कुणाची?"
मला उत्तर माहीत होतं. मी दिलं नाही.
एकशे एकाहत्तर.
पुन्हा मोजल्या. एकशे एकाहत्तर.

बाराच कमी.
बारा रात्री म्हणजे काय हो,
एक फ्लू, एक वादळ,
आणखी थोडं नीट बोलणं.

भांडता येतं, मी सांगितलं. कागदावर अर्ज करायचा.
दोघांना पत्रं जातील. शाळेला विचारतील, डॉक्टरला,
मुलं कुठे राहतात म्हणून.
"शाळेला?"
शाळेला.
त्यानं टोपी उलटी केली, आतलं लेबल वाचत बसला.
डेझरेच्या वर्गात कुणाला माहीत नाही, म्हणाला,
की आम्ही वेगळे राहतो.

खोडा.

यंत्र विचारतं अशा वेळी,
चौकोनात, नम्रपणे:
ही अवलंबित व्यक्ती नक्की काढून टाकायची आहे का?
दोनदा विचारलं, कारण दोन होती.
बटण मी दाबलं. त्यानं खिडकीकडे बघितलं.
तीनशे अठ्ठ्याऐंशी.

फी नको म्हटलं तर
स्टेपलरखाली वीस-वीसच्या दोन नोटा सरकवून गेला.
अजून तिथंच आहेत, मी उचलल्या नाहीत,
माझ्या हिशेबात त्यांना रकाना नाही.

लॉन्ड्रीत एक मुलगा गरम टॉवेलांत तोंड खुपसून उभा होता,
कानांत कापूस.
तो बाहेर आला, बापाच्या हातातली टोपली अर्धी धरली,
आणि दोघं चिखल चुकवत ट्रककडे गेले,
पहिल्या गिअरला कुरकुरणाऱ्या त्या ट्रककडे.

वार मंगळवार होता.